आईबाबांना स्मृतिभ्रंश झालाय: गावाकडच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरासाठी लिहिलेल्या माहितीत लिफ्ट, गॅस आणि सोसायटीचा वॉचमन असतो. आपल्याकडे विहीर असते, गोठा असतो, फवारणीचं औषध असतं आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या वर ऊन असतं. म्हणून ही उत्तरं विदर्भातल्या खेड्यातलं घर डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

वय झालं की माणूस विसरतोच. मग हा आजार कशावरून म्हणायचा?

लग्नात भेटलेल्या सोयऱ्याचं नाव आठवलं नाही आणि संध्याकाळी चहा पिताना आठवलं, तर ते वय. ज्या धुऱ्यावरून चाळीस वर्षं वावरात गेले त्याच धुऱ्यावर उभं राहून गाव कोणत्या अंगाला आहे ते कळेना, तर तो आजार. दोन गोष्टी बघा. रोजची कामं अडायला लागली आहेत का? आणि गेल्या सहा महिन्यांत, वर्षात ते हळूहळू वाढत गेलं का? वरणाला फोडणी आधी की डाळ आधी हा क्रम चुकणं, दुकानात पाचशेची नोट देऊन उरलेले पैसे न घेता निघून येणं, कापसाच्या काटापट्टीचा हिशेब न लागणं, वैशाखात स्वेटर घालणं, वस्तूचं नाव न सुचून सारखं "ते… ते हे" म्हणणं, ही सगळी लक्षणं त्यातच येतात.

"साठी बुद्धी नाठी" या म्हणीने फार नुकसान केलं आहे. तिच्या भरवशावर घरं दोन-दोन, तीन-तीन वर्षं थांबतात. देशभरातल्या मोठ्या पाहणीत ६० वर्षांवरच्या लोकांत हे प्रमाण सुमारे ७.४ टक्के निघालं. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून अधिक म्हाताऱ्यांना हा आजार नसतो. वय झालं म्हणून होणारच, असं नाही.

डिमेन्शिया आणि अल्झायमर एकच का?

ताप आणि मलेरिया यांत जो फरक, तोच इथे. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश हे लक्षणांचं नाव, अल्झायमर हे त्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टराने १९०६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन मांडलं. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्याने होणारा प्रकार पायरीपायरीने उतरतो: लकवा, मग काही महिने तसंच, मग पुन्हा घसरण. त्यामागे बहुतेक वेळा वाढलेला बीपी, साखर, तंबाखू असते. तिसरा प्रकार लुई बॉडीचा. त्यात एक दिवस बरा आणि एक दिवस वाईट जातो, अंग आखडतं, माणूस पडतो आणि नसलेली माणसं, जनावरं दिसतात. हा प्रकार वेगळा ओळखायलाच हवा, कारण काही औषधं त्यात घातक ठरतात. ती पुढे सांगितली आहेत.

परवापर्यंत बाबा ठीक होते, कालपासून काहीबाही बरळतात. हा स्मृतिभ्रंशच का?

बहुधा नाही, आणि हे जास्त तातडीचं आहे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. दोन-तीन दिवसांत माणूस बदलला, कधी गुंगीत तर कधी एकदम खवळलेला असेल, तर शरीरात दुसरं काही बिघडलं आहे. लघवीचा संसर्ग (म्हाताऱ्यांना ताप न येताही होतो), न्यूमोनिया, चार दिवस शौचास न होणं, लघवी तुंबणं, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, ऊन लागणं, नवी सुरू झालेली गोळी, यांतलं काहीही. रोज मोहाची घेणाऱ्याने ती अचानक सोडली तरी दोन-तीन दिवसांत असंच होतं.

त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करा आणि लक्षण किती वाजता दिसलं ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला मार लागला होता का ते आठवा. न्हाणीत घसरून कपाळ आपटलं, सूज ओसरली, सगळे विसरले, आणि आत रक्त हळूहळू साचत राहिलं, असं होतं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्या तर अधिकच.

यातला काही प्रकार बराही होतो का?

होतो, म्हणून तपासणी आधी करायची. बी-१२ कमी पडणं, थायरॉईड मंदावणं, मेंदूवर साचलेलं रक्त, नैराश्य, औषधांचा परिणाम, दारू, ही सगळी कारणं स्मृतिभ्रंशासारखी दिसतात आणि वेळेत सापडली तर बरीच सुधारतात. नैराश्याचा माणूस बहुधा "मले काही आठवत नाही" असं स्वतःच सांगतो. स्मृतिभ्रंश झालेला बहुधा "मले काहीच झालं नाही" म्हणतो.

किमान तपासण्या अशा: रक्ताचा हिमोग्राम, साखर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम, टीएसएच (थायरॉईडसाठी), बी-१२ आणि डोक्याचा एकदा सीटी स्कॅन किंवा एमआरआय. त्याआधी कानातला मळ काढून घ्या आणि मोतीबिंदू दाखवा. ऐकू येत नाही आणि दिसत नाही अशा माणसाची अर्धी "विसरभोळी" उत्तरं कान-डोळ्यांचीच असतात.

कुठे दाखवायचं आणि सोबत काय न्यायचं?

जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार ओपीडीपासून सुरुवात करा. "मनोविकार" या पाटीला बिचकू नका, हा आजार तिथेही बघतात आणि मेंदूविकार विभागातही. पुढे नागपूरचं मेडिकल, मेयो, एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी (मेघे), तसंच यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली वैद्यकीय महाविद्यालयं.

सोबत न्यायचं ते असं. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत, पट्ट्यांसकट, कारण नाव "पांढरी बीपीची" असं सांगून चालत नाही. चष्मा आणि कानाचं यंत्र. आणि वहीच्या एका पानावर पाच-सहा प्रसंग, तारखेसह: "पोळ्याच्या दिवशी बैलांना दोनदा धुतलं." डॉक्टरांना "फार विसरतात" या वाक्यापेक्षा असा एक प्रसंग जास्त कामाचा असतो. शाळा न शिकलेल्या माणसाला घड्याळ काढायला लावून गुण देऊ नयेत. अशांसाठी हिंदी पट्ट्यात वेगळी प्रश्नावली तयार झालेली आहे. आपली माय शिकलेली नाही, हे डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगा. सकाळची गाडी धरा, दुपारनंतर गोंधळ वाढतो.

औषधाने किती फरक पडतो?

आजार थांबत नाही, काहींमध्ये घसरण थोडी हळू होते, काहींमध्ये काहीच होत नाही. डोनेपेझिल साधारणपणे ५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि चार-सहा आठवड्यांनी १० पर्यंत नेतात. हगवण, मळमळ, नाडी मंद होणं हे त्याचे त्रास, म्हणून आधी ईसीजी काढलेला बरा. रात्री घेऊन भलतीच स्वप्नं पडत असली तर सकाळी द्यायला सांगतात. मेमँटिन मधल्या आणि पुढच्या टप्प्यात देतात. तीन-सहा महिन्यांनी खरंच फरक आहे का हे डॉक्टरांशी बोला. स्वतःहून बंद करू नका.

त्याहून मोठा फायदा नको त्या गोळ्या कमी करण्यात असतो. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन (सीपीएम), पोटदुखीचं डायसायक्लोमिन, अमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सीफेनिडिल, झोपेसाठी दिलेलं अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम ही सगळी डोकं आणखी गढूळ करतात आणि माणूस पडतो. चिठ्ठीवर यांपैकी नाव दिसलं तर डॉक्टरांना विचारा. झोपेची गोळी मात्र एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. माणूस आवरत नाही म्हणून दिलेल्या मनोविकाराच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्यांत लकव्याचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. लुई बॉडीच्या रुग्णाला हॅलोपेरिडॉल दिलं तर अंग लाकडासारखं कडक होऊ शकतं. अशी गोळी लागलीच तर कमीत कमी मात्रेत, ठरावीक दिवसांसाठी.

आणि "ताकदीचं सलाईन"? त्यात मीठ-साखरेचं पाणी असतं. अंगात पाणी कमी असेल तर उपयोगी, स्मरणशक्तीला नाही.

माय म्हणते, अंगणात तिचा मेलेला भाऊ उभा आहे. घरचे म्हणतात बाहेरचं झालं.

दिसतं तिला खरंच. मेंदू चित्र तयार करतो. संध्याकाळी खुंटीवर टांगलेला सदरा माणूस होतो, डोळ्यात मोतीबिंदू असला तर अधिकच. सदरा काढा, बल्ब मोठा लावा. ती घाबरली नसेल तर "बसू दे त्याले" म्हणून विषय सोडून द्या. अंगारा लावून तिचं मन शांत होत असेल तर त्यात भांडण्यासारखं नाही. पण चटके, मारहाण, उपाशी ठेवणं, कोंडणं सुरू झालं तर ते २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि देवऋषीकडच्या पाच वाऱ्यांत गेलेल्या पैशांत सगळ्या रक्ततपासण्या झाल्या असत्या.

स्वतःच्याच घरात बसून "मले घरी जायचं हाये" म्हणते. काय उत्तर द्यायचं?

"हेच तर तुहं घर हाये!" हे उत्तर सगळे देतात आणि ते कधीच चालत नाही. तिच्या मनातलं घर म्हणजे बहुधा माहेर, जिथे तिची माय आहे. त्या वाक्याचा अर्थ पुष्कळदा "मला इथे बरं वाटत नाही" असा असतो. भूक, लघवी, थंडी, गोंगाट, दुखणं यांपैकी काय आहे ते आधी तपासा. मग "जाऊ ना माय. पयले चहा घेऊ," असं म्हणा आणि चहा होईस्तोवर माहेरचं विचारा: विहीर कुठे होती, आंब्याचं झाड कोणाचं होतं. दहा मिनिटांत विषय सरकतो. नाही सरकला तर हात धरून गल्लीला एक वळसा घालून परत या. दारातून आत येताना "आलो बा घरी" म्हणायचं.

"तुझी माय तर वीस वर्षांपूर्वीच गेली" हे खरं असलं तरी सांगू नका. ती बातमी तिला दर वेळी नव्याने कळते आणि दर वेळी ती तितकीच रडते.

सासूबाई म्हणतात सुनेने पैसे चोरले. नणंदांनाही ते खरं वाटतं.

हा आरोप या आजारात इतका सामान्य आहे की तो ऐकून आम्ही उलट विचारतो, सांभाळणारी कोण? आळ बहुधा तिच्यावरच येतो, कारण दिवसभर तीच समोर असते. स्वतः लपवलेली वस्तू आठवत नाही, मग मेंदू उरलेली जागा "चोर" या शब्दाने भरतो.

भांडू नका, सफाई देऊ नका. "काय गेलं? चला, मिळून पाहू." त्यांच्या लपवण्याच्या जागा ठरलेल्या असतात: तांदळाची कोठी, गादीखाली, लुगड्याच्या घडीत, देव्हाऱ्यामागे. तिथे शोधा आणि सापडल्यावर "बघा, तुम्हीच ठेवलं होतं" असं म्हणू नका. तशीच एक दुसरी थैली शिवून ठेवा, त्यात दहाच्या पाच-सात नोटा. सोनं आणि कागदपत्रं हलवा.

लांबच्या मुलामुलींसाठी एक गोष्ट. फोनवर पाच मिनिटं माय अगदी चांगली बोलते. "कसा आहेस, जेवलास का" ही वाक्यं शेवटपर्यंत टिकतात. म्हणून पुण्याहून "तिला तर काहीच झालं नाही" असा निकाल देऊ नका. चार दिवस राहा, सून माहेरी गेलेली असताना.

आंघोळीचं नाव काढलं की मारायला धावतात.

तांब्याभर पाणी डोक्यावर पडलं की त्यांना बुडाल्यासारखं वाटतं. थंडी वाजते, उघडं व्हायची लाज असते, ओल्या फरशीची भीती असते. क्रम बदला. आधी न्हाणीत सगळं मांडून ठेवा, मग त्यांना बोलवा: जड, न डगमगणारी खुर्ची, खाली रबरी चटई, टॉवेल, कपडे घालायच्या क्रमाने. बंबाचं पाणी बादलीत विसणून कोपराने तपासा, बोटांनी अंदाज चुकतो. "आंघोळ" हा शब्द न काढता "पाय धुवाले चाला" म्हणा. पाय, मग पोटऱ्या, मग हात, पाठ. खांद्यावर कोरडा पंचा राहू द्या आणि त्याखालून धुवा. तांब्या त्यांच्या हातात द्या, डोकं सगळ्यात शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी.

रोज आंघोळ झालीच पाहिजे असं नाही. आठवड्यातून दोनदा पुरते, बाकी दिवशी ओल्या फडक्याने तोंड, काखा, जांघा. सासऱ्यांची आंघोळ सुनेकडे देऊ नका. त्या लाजेतूनच अर्ध्या मारामाऱ्या होतात. ते मुलाचं काम.

संध्याकाळ झाली की अस्वस्थता वाढते, रात्री झोपत नाहीत.

दिवे लागणीच्या अर्धा तास आधीच घरातला मोठा दिवा लावा. लाइट जाते तिथे चार्जिंगचा बल्ब हवाच, कंदील नको. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणा. सकाळी तासभर उजेडात बसवा. चारनंतर चहा बंद. टीव्हीवर भांडणाच्या मालिका चालल्या असतील तर तेही बंद, त्यांना ती माणसं घरात भांडताहेत असं वाटतं.

घरातून निघून गेले तर?

बाहेरून कुलूप लावून वावरात जाणं हा सर्वांत वाईट उपाय. चूल पेटली, शॉर्टसर्किट झालं तर बाहेर येता येणार नाही. त्याऐवजी दाराची कडी अगदी वर किंवा अगदी खाली लावा, नेहमीच्या उंचीवरच त्यांचा हात जातो. दाराला बैलाच्या गळ्यातली घंटी बांधा. आतल्या बंडीवर, लुगड्याच्या पदराच्या आतल्या बाजूला गावाचं नाव आणि दोन मोबाइल नंबर पक्क्या शाईने लिहा. खिशातली चिठ्ठी ते फेकून देतात. दर महिन्याला एक पूर्ण उंचीचा फोटो काढून ठेवा.

गेलेच तर आधी पाच मिनिटं घर, गोठा, संडास, कडब्याची गंजी बघा. मग एक जण थेट विहीर, तळं, नाल्याकडे. दुसरा जुन्या रस्त्यांवर: विकलेलं वावर, जुनं घर, माहेरची वाट. माणूस बहुधा कुठल्या तरी जुन्या कामाला निघालेला असतो. तिसरा एसटीच्या थांब्यावर. त्याच वेळी पोलीस पाटलाला आणि ११२ ला फोन करा, गावाच्या ग्रुपवर फोटो टाका, ग्रामपंचायतीच्या किंवा देवळाच्या भोंग्यावरून पुकारा. "चोवीस तास थांबा" असा कुठलाही नियम नाही, हरवल्याची नोंद लगेच होते. तूर कमरेएवढी वाढलेली असते तेव्हा पिकाच्या ओळींमधून आडवं-उभं चालून शोधा. खाली बसलेला माणूस दोन ओळींवरून दिसत नाही, आणि हाक मारली तरी तो ओ देत नाही.

घरात आणि वावरात कशाकशाला जपायचं?

पहिलं, फवारणीचं औषध. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. त्यांना आता वास आणि लेबल दोन्ही कळत नाही. कुलूपबंद पेटी, किल्ली घराबाहेर. उंदराचं औषध, बॅटरीचं पाणी, रॉकेल त्याच पेटीत. दुसरी विहीर: कठडा कमरेच्या वर नसेल तर जाळी टाका. तिसरा कूलर. पत्र्याच्या कूलरला विजेचा झटका बसून दर उन्हाळ्यात माणसं जातात, आणि "हात लावू नका" हे या माणसाच्या लक्षात राहत नाही. अर्थिंग तपासून घ्या, घराला ईएलसीबी (वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच) बसवा, पाणी भरताना प्लग काढा आणि कूलर खिडकीबाहेर ठेवा. विळे, कुऱ्हाड, कडबाकटरचा स्विच, गाडीची चावी नजरेआड. खाटेची उंची गुडघ्याएवढी, म्हणजे पाय जमिनीला टेकतात.

मे महिन्यात काय वेगळं?

तहान लागल्याचं त्यांना कळत नाही, आणि पाणी विचारलं तर "नाही" म्हणतात. विचारू नका, ग्लास हातात द्या. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं नसेल तर जागेपणी दर दीड तासाला छोटा ग्लास: माठाचं पाणी, मठ्ठा, पन्हं, आंबील. लघवी गडद पिवळी दिसली की कमी पडतंय. अकरा ते पाच बाहेर नाही. अंग तापलं, घाम थांबला आणि बोलणं असंबद्ध झालं तर ओल्या कापडाने अंग पुसत, वारा घालत लगेच दवाखाना गाठा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

जेवताना ठसका लागतो, घास गालात धरून ठेवतात.

गिळण्याचं कामही मेंदू विसरतो. सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, लहान चमच्याने द्या. घास गिळलाय हे गळ्याकडे बघून खात्री करा, मगच पुढचा. कोरडी भाकर, पोहे, चिवडा बंद. ज्वारीच्या कण्या, दुधात कुस्करलेली भाकर, घट्ट वरण-भात चालतो. पातळ पाण्यानेच ठसका लागत असेल तर घट्टसर आंबील देऊन पाहा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. ताटात एका वेळी एकच पदार्थ. पांढऱ्या ताटात पांढरा भात त्यांना दिसत नाही, स्टीलच्या ताटात वरण घालून द्या.

खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, हा आपल्याकडचा खास प्रश्न. थुंकायचं विसरून गिळतात, कधी पन्नीसकट. पुडी घरातच नको. पानठेलेवाल्याला सांगून ठेवा.

कपड्यात लघवी होते.

जागेपणी दर दोन तासांनी स्वतः घेऊन जा. संडासाच्या दारावर गडद रंगाचा पट्टा मारा, आतला बल्ब रात्रभर चालू ठेवा. नाडीच्या गाठीत वेळ जातो, तिथे इलास्टिक घाला. त्या भीतीने पाणी तोडू नका. एकाएकी सुरू झालं असेल तर लघवी तपासून घ्या.

दिवसभर बसून राहतात. काही काम द्यावं का?

जरूर, आणि हातांना आधीपासून येतं ते. डोकं विसरलं तरी हात पुष्कळ काळ विसरत नाहीत. वाती वळणं आपल्याकडे सगळ्यात छान: सरकी काढलेला कापूस, पाटी, आणि समोर वळलेली एक वात नमुना म्हणून. पेटता दिवा मात्र लांब. तुरीच्या शेंगा सोलणं, लसूण, डाळ निवडणं, दोरी वळणं. निवडलेल्या डाळीत खडे राहिले तर नंतर गुपचूप काढा, त्यांच्यासमोर नाही.

सातबारा, बँक, अंगठा. काय आधी करायचं?

निदान सुरुवातीच्या टप्प्यात झालं की पहिल्या दोन महिन्यांत. बँक खात्यावर विश्वासाचं दुसरं नाव लावा. मृत्युपत्र करायचं असेल तर आताच: समजउमज असलेल्या अवस्थेत, दोन साक्षीदारांसमोर, आणि त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून. कुलमुखत्यारपत्रावर सगळं सोडू नका, कारण ते देणाऱ्याची समजच गेली की कायद्याने तेही संपतं. मग संपत्तीसाठी पालक नेमायला कोर्ट, पुष्कळदा हायकोर्टच गाठावं लागतं.

समज गेल्यावर घेतलेला हक्कसोडीवरचा अंगठा कोर्टात टिकत नाही, आणि भावाभावांत पुढची वीस वर्षं खटला चालतो. सांभाळण्याच्या अटीवर वावर नावावर करून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ते रद्द होऊ शकतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे.

सरकारी मदत कोणती?

७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे भरतीचे उपचार. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, म्हणून या आजारात त्याचा उपयोग मर्यादित. श्रावणबाळ योजना ६५ वर्षांवरील, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असलेल्यांसाठी आहे. दरवर्षी हयातीचा दाखला चुकवू नका. आजार पुढे गेला असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराच्या सदरात दिव्यांगत्व तपासून घ्या, ४० टक्के किंवा जास्त निघालं तर प्रमाणपत्राचे लाभ मिळतात. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, मन मोकळं करायला टेलीमानस १४४१६. दोन्ही फुकट.

सगळं एकट्या सुनेवर पडलं आहे.

तर ते आधी बदला, नाहीतर वर्षभरात घरात दोन रुग्ण होतात. भावंडांनी बसून कागदावर वाटणी करा. जे लांब आहेत त्यांनी महिन्याचे पैसे आणि वर्षातले ठरलेले दिवस द्यावेत. "लागलं तर सांग" याला वाटणी म्हणत नाहीत. सांभाळणारीला आठवड्यातून एक अर्धा दिवस पूर्ण सुटी, तेव्हा कुणी फोनही करायचा नाही. तिची झोप तुटली, विनाकारण रडू येतं, हात उगारावासा वाटतो, अशी वेळ आली तर तिलाही डॉक्टरांकडे न्या. राग येणं हा गुन्हा नाही. अशा वेळी त्यांना सुरक्षित बसवून पाच मिनिटं अंगणात जाऊन उभं राहायचं.

आता अंथरुणावरच आहेत.

दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा, खुबे रोज उजेडात बघा. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर ती जखमेची सुरुवात. तो चोळू नका, त्यावरचा भार काढा. हवेच्या गादीचा पंप विजेवर चालतो, लाइट जाते तिथे सोबत जाड फोमची गादी ठेवा. या टप्प्यावर नाकातून नळी घालण्याचा सल्ला मिळतो. शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढत नाही, हाताने सावकाश चार चमचे भरवणं जास्त बरं. दुखतंय का हे बोलून सांगता येत नाही, कपाळावरच्या आठ्या आणि कण्हणं बघा.

गावात सांगावं का? लोक हसतील.

सांगा. न सांगितलं तर लोक "बुढा वेडा झाला" असं स्वतःच ठरवतात. शेजारची दोन घरं, आशाताई, एसटीच्या थांब्यावरचा चहावाला, किराणा दुकानदार, इतक्यांना पुरे. शब्द साधे ठेवा: "बाबांच्या मेंदूचा आजार आहे. एकटे दिसले तर गोड बोलून बसवा आणि या नंबरवर फोन करा." दुकानदाराला आणखी एक सांगा. रोज येऊन तीच साबणाची वडी मागतील, तर द्यायची, वहीत मांडायची. संध्याकाळी पोरगा येऊन वडी परत करेल.